बारा पस्तीसचं विमान

१

गोवर्धन माळ्याजवळ घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून त्याचं कधी अडलंही नाही. तो वेळ मोटेवर मोजायचा. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतरणीवरून, खाली गेले, मोट वर आली, पाणी ओतलं गेलं, बैल मागं सरले, की झाली एक मोट. तासाला तीस. ऊन चढलं की अठ्ठावीस, बैलांनाही जीव असतो. त्याची बायको गंगूबाई वाफ्यांत पाणी फिरवायची आणि भूक लागली की तिथूनच हाक द्यायची, "आवो, शंभर झाल्या का नाई?" शंभर झालेल्या असायच्या.

त्यांचा मळा अकोल्याच्या बाहेर, वांगी, मेथी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर यांचा. मळ्यापलीकडच्या माळावर सरकारनं विमान उतरायची जागा साफ केली होती, कारण लढाईचे दिवस होते. जागेच्या मधोमध चुन्याचा मोठा गोल होता. वरून गोल दिसला की विमानवाल्याला कळतं, इथं उतरता येतं. दर पंधरा दिवसांनी तो गोल पांढराफेक करायचं काम गोवर्धनकडे होतं. विमानं तिथं क्वचितच उतरत, पण गोल पुसट झाला तर साहेबाचा शिपाई येऊन बोंबलायचा.

त्यांना एकच मुलगा, केशव. सहा वर्षांपासून तो रंगूनला एका साहेबाच्या बागेत माळी होता. पौषात जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि पत्रं बंद झाली. गंगूबाई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं गोवर्धनला वाटे. ती उठायची, वांगी तोडायची, भाकरी थापायची, पण काही विचारलं तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. रात्री निजताना ती रोज एकच वाक्य बोलायची, "आज बी नाई आला."

फाल्गुनात तार आली.

२

तार वाचून दाखवली स्टेशनातल्या तारबाबू शेषरावांनी. ते गोवर्धनकडूनच भाजी घेत आणि सांबार फुकट मागत, पण माणूस मनाचा बरा.

"गोवर्धन, लेका, तुह्या पोट्ट्यानं कमाल केली! साहेबाचं लेकरू त्याच्या हातूनच जेवते म्हनते, म्हनून साहेब त्याले संग घेऊन येऊन राहिला. सोमवारी सकाळी सहाले कलकत्त्याहून निघते, विमानानं, मुंबईले."

"विमानानं?" गंगूबाई म्हणाली. दोन महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "अन् ते अकोल्यावरून जाईन का?"

शेषरावांना असल्या गोष्टींचा नाद होता. त्यांनी तारेच्या कागदामागंच आकडे मांडले. कलकत्ता ते मुंबई, हवेतून हजार-तीस मैल. विमान ताशी एकशेतीस मैल जातं. नागपूर सहाशे मैल, म्हणजे साडेचार तासांवर सात मिनिटं. नागपूरला पेट्रोल भरायला पाऊण-एक तास. मग अकोला एकशेचाळीस मैल, तास आणि वर पाच मिनिटं.

"बारा पस्तीस," त्यांनी पेन्सिल कानामागं ठेवली. "बारा पस्तीसले तुमच्या डोक्यावर. पावने तीनले मुंबईत. इथं उतरनार नाई, पन तुमच्या मळ्यावरून जाईन."

घरी येताना गंगूबाई वाटभर बोलत होती. "वरून त्याले आपला मळा कसा ओळखू येईन? सगळं हिरवंच दिसन. काई तरी निशानी पायजे बा."

आणि इथंच त्यांची चूक झाली. दुसऱ्या कोणाला ही चूक सुचलीही नसती. ज्यानं वर्षभर सरकारी गोल रंगवला त्यालाच ती सुचली. कांदा काढून मोकळ्या पडलेल्या तुकड्यात गोवर्धननं दोरी धरली, उरलेला चुना कालवला आणि सरकारी गोलासारखाच एक गोल काढला. लहान, पण पांढराशुभ्र. विमानाला गोलाचा काय अर्थ लागतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण ते त्याच्या मनात आलंच नाही. त्याच्या मनात फक्त पोरगा होता.

३

सोमवारी त्यानं मोट जुंपली आणि मोजत राहिला. गंगूबाई लुगडं बदलून गोलाच्या मधोमध उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं.

बरोबर वेळेवर, एकाही मोटेचा फरक नाही, पूर्वेकडून घरघर आली. विमान बरंच खाली उडत होतं. त्यानं मळ्यावर एक घिरटी घातली, आणि गंगूबाईनं दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "उतर रे बाप्पा! ये घरी, ये! माय वाट पाहून राहिली!"

विमान पश्चिमेकडे गेलं.

"दिसला मले," ती म्हणाली. "खिडकीत होता. हात हालवला त्यानं." आणि मग ती रडली, धाय मोकलून, दोन महिन्यांचं सगळं एकदम.  धावेकडे परतल्यावर गोवर्धनच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याचे बैल भित्रे. रस्त्यावरून मोटार गेली तरी कान टवकारायचे. आज एवढं विमान डोक्यावर फिरलं आणि दोघं रवंथ करत उभे होते, मानसुद्धा न हलवता. उन्हानं सुस्तावले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

४

मंगळवारी भाजी घेऊन तो स्टेशनात गेला, तेव्हा शेषरावांनी त्याला आत बोलावून दार लोटलं.

"कोनाले सांगू नको, लढाईची बातमी आहे. पन तुह्यापासून कशी लपवू? कालचं विमान नागपूरले पोचलंच नाई, बावा. जंगलात कुठी तरी पडलं म्हनते."

"पोचलं नाई कसं? आमच्यावरून गेलं. बारा पस्तीसले."

"दुसरं असन."

"तुमीच त टाइम काढून देल्ता."

शेषरावांनी पेन्सिल घेऊन आकडे पुन्हा मांडले. मग हळू आवाजात म्हणाले, "पाह्य, नागपूरले न थांबता गेलं असतं तरी तुह्यावरून पाऊन तास आधी जायले पायजे होतं. अन् पडलं असन तर येनारच कुठून?"

गोवर्धन रिकामी टोपली घेऊन परतला. पोरगा गेला, हे त्याला कळलं होतं, पण आत काहीच हलत नव्हतं. हात-पाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे चालत होते. गंगूबाईला त्यानं सांगितलं नाही. कसं सांगणार? ती चुलीपुढं बसून गुणगुणत होती.

आणि त्याच दुपारी, शंभराव्या मोटेच्या आसपास, पुन्हा घरघर आली. तो डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. आभाळ कोरडं ठक्क, विमान कुठंच नाही. आवाज मळ्यावर आला, गोलावर एकदा फिरला, खाली खाली आला आणि थांबला. पश्चिमेकडे गेला नाही.

"आवो," वाफ्यातून गंगूबाईची हाक आली, "आयकलं का?"

"काई नाई आयकलं," गोवर्धन म्हणाला.

५

बुधवारी पावलं दिसली.

गोलाच्या मधोमधून निघून मेथीच्या ओल्या वाफ्यात, घराच्या दिशेनं. बुटांची. मळ्यात बूट घालणारं कोणी नव्हतं. पण रंगूनहून केशवनं एकदा लिहिलं होतं की साहेबानं त्याला जुने बूट दिले आहेत. गोवर्धननं मोजली. तीस पावलं, आणि तिसावं पाऊल वाफ्यातच संपलेलं. गोलाकडे जाणारं एकही नाही. परत फिरलेलंही नाही.

चोर असेल म्हणावं, तर मेथी तशीच. शिपाई असेल म्हणावं, तर तो उडून गेला का? गोवर्धन उकिडवा बसला आणि मग त्याला ते दिसलं. जन्म पाण्यात गेलेल्या माणसालाच ते दिसावं. वाफ्यात चार बोटं पाणी उभं होतं. पाऊल म्हणजे खड्डा, आणि खड्ड्यात पाणी उतरतंच. या पावलांत पाणी उतरलं नव्हतं. चहूकडे पाणी, आणि मधोमध तीस कोरडी पावलं, तळाला माती भेगाळलेली. त्यानं ओंजळीनं एका पावलात पाणी टाकलं. ते काठाशी जमलं आणि बाहेर निघून गेलं.

त्यानं हात धोतराला पुसले. कोरडे झाल्यावरही पुसत राहिला.

गंगूबाई मागं येऊन उभी होती. तिचं तोंड फुललं होतं.

"माहा केशव आला," ती म्हणाली. "थकला असन. दुरून आला नं. हळू हळू येईन."

६

गुरुवारी साठ झाली, शुक्रवारी नव्वद. रोज आवाज थांबला की तीस पावलं वाढलेली. मेथीतून सांबारात, सांबारातून वांग्यात. गोवर्धननं गोलापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचं अंतर चालून मोजलं. दोनशेचाळीस. शेषरावांनी मैल आणि तास मांडले होते तसंच हेही मांडता येत होतं, आणि त्याला शिकल्या माणसाची गरज नव्हती. रोज तीस. आठ दिवस. बुधवारी बारा पस्तीसला.

ही मांडणी गंगूबाईनं त्याच्या आधीच केली होती. "बुधवारी मांडे करन मी," ती म्हणाली. "पोट्ट्याले आवडते."

मग गोवर्धननं तिला सगळं सांगून टाकलं. विमान पडलं, नागपूरला पोचायच्या आधीच पडलं, त्यात कोणी वाचलं नाही. "गंगे, जे येऊन राहिलं ते केशव नाई वं!"

ती शांतपणे ऐकत होती. "म कोन हाय?"

गोवर्धननं वांग्याच्या वाफ्याकडे पाहिलं.

"तुमाले कावून पटत नाई? बाप हाय का कोन हाय तुमी?"

शनिवारी त्यानं मोट जुंपलीच नाही. वाफे वाळले तर पावलं दिसणार नाहीत, आणि दिसली नाहीत तर नसतील, असं त्याला वाटलं. हे पोरकट आहे हे त्यालाही कळत होतं. दुपारी बघतो तर गंगूबाई विहिरीतून घागरीनं पाणी काढून वाफ्यांत टाकत होती. साठीची बाई, कमरेत वाकलेली, घागर घागर. त्याला तिचा राग आला आणि भयंकर कीवही आली. त्यानं घागर हातातून घेतली आणि स्वतःच पाणी टाकलं.

रविवारी मात्र त्यानं कुदळ घेतली. गोल उकरला, चुना मातीत मिसळला, वर शेणखत पसरलं. दुपारी आवाज आला नाही. त्याला वाटलं, सुटलो. मग तो वांग्याच्या वाफ्याकडे गेला. काल जिथं पावलं संपली होती, तिथूनच पुढं आणखी तीस होती. आता राहिली होती नव्वद.

"उतरलेल्याले आता गोल कायले पायजे?" गंगूबाई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. लहान मुलाला समजावावं तशी बोलत होती.

७

मंगळवारी शेषराव स्वतः धावत मळ्यावर आले. धोतराचा सोगा हातात, टोपी विसरलेली.

"गोवर्धन! अरे, जिता हाय! पोट्टा जिता हाय!"

पत्र केशवचं होतं. अक्षर त्याचंच, शेषराव शपथेवर सांगत होते. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सोमवारी सकाळी कलकत्त्याला विमानाजवळ फार गर्दी होती. एकेकाचं नाव पुकारून आत घेत होते. 'माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागं होतो. मी हात वर करायच्या आत कोणीतरी हाजर म्हटलं आणि चढलं. मी ओरडलो, पण दार लागलं. साहेबाला वाटलं मी बसलो. कोण होता माहीत नाही. मी फक्त पाठ पाहिली. बाबा, त्याचे बूट माझ्या बुटांसारखे होते. बुधवारी सकाळच्या मेलनं येतो. मायला सांगा.'

गोवर्धन खाली बसला.  एवढा आनंद आणि एवढी भीती माणसाला एकाच वेळी पेलत नाही. मग आत दोन्ही बधिर होतात आणि तसंच झालं.

"गंगे, आयकलं? जिता हाय! उद्या येईन!"

गंगूबाई तांदूळ निवडत होती. "मले ठाऊक हाय उद्या येईन," ती म्हणाली.

"आगगाडीनं, वं! कागद आला त्याचा!"

"कागद काय, कोनीबी लिहीन." तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. "अंगनातून येऊन राहिला तो. तुमी स्टेशनात जा खुशाल. कोनीतरी घरी पायजे नं."

त्यानं तिला सोबत यायला सांगितलं, हात धरून ओढलं, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाया पडला. ती हलली नाही. त्या दिवशीची पावलं तुळशीजवळ आली होती.

८

बुधवारी मेल सकाळी नऊला यायची होती. लष्करी गाड्या पुढं सोडत होते, म्हणून ती कुठंतरी अडकली. अकरा झाले, बारा झाले. स्टेशनातलं घड्याळ गोवर्धनच्या समोरच होतं, आणि घड्याळावर वेळ जाताना बघायची त्याला सवय नव्हती. बारा पस्तीसला त्यानं कान देऊन ऐकलं. इंजिनाचा फुसकारा, हमालांचा गलका, बाकी काही नाही. त्याला वाटलं घरी पळत जावं. त्याला वाटलं गाडी येईल आणि पोरगा फलाटावर एकटा उभा राहील. तो बाकावर बसून राहिला.

गाडी दोनला आली. केशव उतरला. वाळलेला, दाढी वाढलेला, पण केशवच. बापाच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्याचे अश्रू गोवर्धनच्या पावलांवर पडले, गरम. गोवर्धननं त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, हातांवरून हात फिरवला. नखांत काळी माती होती. माळ्याचा हात.

"माय कशी हाय, बाबा?"

"हाय," गोवर्धन म्हणाला.

घराचं दार लोटलेलं होतं. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं, ओलं. त्यावर तुळशीपासून उंबरठ्यापर्यंत पावलं होती, कोरडी. शेवटचं पाऊल उंबरठ्याला टेकलेलं.

आतून मांडे भाजल्याचा वास येत होता. गंगूबाई बोलत होती. मध्येच ती हसली. किती वर्षांनी हसली होती! मग दुसरा आवाज आला, हळू, तोंडात घास असल्यासारखा.

केशवनं पुढं पाऊल टाकलं आणि गोवर्धननं त्याचं मनगट धरलं. त्या एवढ्याशा वेळात त्याला सगळं नीट दिसलं. दार उघडलं की ते दोघं समोरासमोर येतील. दोघांपैकी एकाला जावं लागेल. कोणाला ठेवायचं ते गंगू ठरवेल, आणि ती कोणाला ठेवील याची त्याला खात्री नव्हती. तिनं जन्म दिलेला हा होता. पण तिनं हाक मारली होती ती त्याला.

अंगणातल्या कडुनिंबाची एक फांदी त्यानं मोडली आणि दाराच्या कडीत खोचली. अशी फांदी दिसली की सख्खा माणूसही उंबरठा ओलांडत नाही.

"घरात देवी निघाली हाय," तो म्हणाला. "तुह्या मायले."

केशवचा चेहरा उतरला. "दुरून पाहू द्या नं, बाबा. उंबरठ्यावरून."

"देवीच्या घरात बाहेरून आलेलं मानूस चालत नाई. तुले ठाऊक हाय."

"मी बाहेरचा हाय?"

गोवर्धननं फांदी कडीत आणखी घट्ट खोचली.

आतून पुन्हा हसणं आलं. केशवनं दाराकडे पाहिलं. "माय कोनाशी बोलून राहिली?"

"देवीशी."

पोरगा उभाच राहिला. मग गोवर्धननं त्याला खांद्याला धरून वळवलं. "संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीले जाय. बेबीताई आत्याकडं. बडनेऱ्याले गाडी बदल."

"आत्ताच त बडनेऱ्यावरून आलो, बाबा. उतरलो असतो."

"जाय. मी बोलावल्याशिवाय येऊ नको. पत्र धाडू नको. मायच्या नावानं तर धाडूच नको." त्याचा आवाज फाटला. "जाय रे बाप्पा, पाया पडतो तुह्या."

केशव पाच-सात वेळा मागं वळून बघत बांधावरून गेला. वांग्याच्या वाफ्यात पाणी होतं. गोवर्धननं डोळे ताणून पाहिलं. त्याच्या पावलांत पाणी भरत होतं, प्रत्येक पावलात, काठोकाठ. तेवढं पाहून त्याला बरं वाटलं. मग पोरगा रस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला.

तो त्याच्या मागं जाऊ शकला असता. गाडीला अजून दोन तास होते. पण गंगू आत होती.

९

त्यानं पाय धुतले आणि आत गेला. चुलीपुढं तीन पाट मांडले होते. त्यानं आपल्या पाटाकडेच नजर ठेवली आणि बसला. गंगूबाईनं ताट पुढं सरकवलं. तिचं तोंड उजळलं होतं, लग्नात होतं तसं. तिनं डावीकडं मांडा वाढायला हात लांबवला आणि डावीकडून एक हात पुढं आला. गोवर्धनला तो पाहायचा नव्हता. तळवा वर होता, स्वच्छ, गुलाबी. त्यावर एकही रेघ नव्हती.

"बाबा," केशवच्या आवाजात ते म्हणालं, "दारात कोन होतं?"

गंगूबाईनंही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कोनी नाई रे," गोवर्धन म्हणाला. "वाट चुकलेला होता. धाडलं त्याले त्याच्या घरी."

"बरं केलं," ते म्हणालं, आणि गोवर्धननं मांडा मोडून पहिला घास तोंडात घातला.